सातवीच्या पुढे: गावातल्या मुलींच्या शिक्षणाचं काम हाती घेताना

शाळा व्यवस्थापन समितीवर तुमची नुकतीच निवड झाली असेल, बचत गटाने हा विषय घ्यायचं ठरवलं असेल, किंवा मुंबईची नोकरी संपवून गावी आल्यावर गावासाठी काही करावं असं मनात असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. डोळ्यांसमोर आहेत त्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातल्या वाड्या. शहरातले प्रश्न वेगळे असतात, ते इथे नाहीत.

हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आपल्याकडे काय कमी आहे? दहावीला कोकण पहिलं येतं." ते खरंच आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून निकालात ते राज्यात पुढे राहिलं आहे. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, आणि मुली नेहमीप्रमाणे मुलग्यांच्या पुढे होत्या. या यशामागे शिक्षकांचे कष्ट आहेत. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. सातवीनंतर घरी राहिलेली किंवा नववीच्या मध्यावर शाळा सुटलेली मुलगी या हिशेबात येतच नाही. नापासांच्या यादीतही तिचं नाव नसतं. आपलं काम तिच्यापासून सुरू होतं.

सातवी हाच टप्पा का, ते आधी समजून घ्या. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. आठवीसाठी हायस्कूल, आणि हायस्कूल म्हणजे मोठं गाव किंवा बाजारपेठ. तिथवर जायला घाटी उतरा, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडा, एसटीची वाट बघा. त्यात शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत, दुपारचा आहार आठवीपर्यंत आणि मोफत पुस्तकंही आठवीपर्यंतच. रस्ता लांबतो, खर्च वाढतो आणि मुलगी वयात येते, हे सगळं दोन वर्षांच्या आत घडतं. म्हणून सगळा जोर याच दोन वर्षांवर लावायचा.

फेब्रुवारीत यादी करा

जूनमध्ये काम सुरू केलं तर उशीर झालेला असतो. तोवर कोणाचं काय करायचं हे घराघरात ठरून गेलेलं असतं. यादीला फेब्रुवारीतच हात घाला.

एक साधी वही पुरते. वाडीवार प्रत्येक मुलीचं नाव, जन्मतारीख, सध्याची इयत्ता, शाळा, घरात कोण कोण आहे, आई-वडील गावात आहेत की मुंबईला, आणि आठवीला कुठे जाणार. शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांकडे असतं, लहानपणच्या नोंदी अंगणवाडीताईंकडे मिळतात, आणि कोण घरात आलंय, कोण गेलंय हे आशाताईंना सगळ्यांत आधी कळतं. या तिघांना एकत्र बसवलं तर एका दुपारी यादीचा मोठा भाग होतो. ही वही तुमच्याजवळच ठेवा. मुलींची माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नये.

यादी झाली की कोणत्या मुली तिच्यात आल्या नाहीत ते शोधा. चिरेखाणीवर काम करायला कर्नाटकातून आलेली कुटुंबं खाणीलगतच्या झोपड्यांत राहतात. आंबा बागा राखायला आलेल्या नेपाळी जोडप्यांची मुलं बागेतच वाढतात, रस्त्यावरून ती दिसतही नाहीत. रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. धनगरवाड्यातल्या मुलींची नावं पटावर असतात, पण पावसाळ्यात महिनाभर त्या खाली उतरू शकत नाहीत. या सगळ्या आपल्याच गावच्या यादीतल्या मुली आहेत. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून कोणालाही परत पाठवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. वय बघून त्या इयत्तेत बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकवून घ्यायचं, असा नियम आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. भट्टीवर निघण्याआधी ते शाळेकडून घेतलं, तर जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं.

"मुंबईला गेली" ही नोंद मात्र तशीच सोडू नका. मुलगी मावशीकडे शिकायला गेली असं सांगितलं जातं, आणि प्रत्यक्षात ती मावशीचं तान्हं मूल सांभाळत असते. खात्री करायचा मार्ग आहे. मुलगी शाळा सोडून गेली की यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत तिचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये जातं, आणि नवी शाळा ते ओढून घेईपर्यंत तिथेच राहतं. ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांना विनंती करून ड्रॉपबॉक्समधली नावं बघा. जे नाव अजून तिथेच आहे, ती मुलगी कुठल्याही शाळेत नाही असं धरून घरी फोन करा.

समितीच्या बैठकीत

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. कागदावर हे सगळीकडे असतं. तुम्ही बैठकीला खरोखर बसा, इतिवृत्त वाचा आणि मगच सही करा. दर बैठकीत एकच प्रश्न विचारत राहा: मागच्या महिन्यात सलग गैरहजर कोण होतं आणि तिच्या घरी कोण जाऊन आलं? गुरुजी-बाईंवर ठपका ठेवण्याच्या सुरात विचारू नका. दोन शिक्षकी शाळेतली बाई चार वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती असं सगळं सांभाळत असते. तिला मदतीचा हात हवा असतो, आणखी एक साहेब नको असतो.

वाट आणि एसटी

मला विचाराल तर कोकणात मुलींच्या शिक्षणातला सर्वांत मोठा अडथळा हाच आहे, आणि प्रयत्नाने सर्वांत लवकर सुटणाराही हाच आहे.

धोंडो केशव कर्वे मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट दापोलीकडे आजही अभिमानाने सांगतात. त्याच कर्व्यांनी पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. ती पायपीट आठवावी जरूर, पण बारा वर्षांच्या पोरीने जुलैच्या पावसात दोन तास चालत शाळा गाठावी, अशी अपेक्षा त्या आठवणीच्या जोरावर कोणी करू नये.

आधी वाट स्वतः चालून बघा. शाळा सुटायच्या वेळेला चाला, मुलींबरोबर चाला, आणि जुलैत चाला. कुठे साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, कठडा तुटलाय, कुठे पऱ्याला पाणी आलं की थांबावं लागतं, कुठे रान दाटलंय, कोणत्या वळणावर बसणाऱ्या टोळक्यामुळे मुली दुसऱ्या बाजूने जातात, हे मुली चालताचालता सांगतात. घरी बसवून विचारलं तर सांगत नाहीत. रान काढणं आणि साकवाची डागडुजी ग्रामपंचायतीकडून करून घेता येते, पण मागणी मे महिन्याआधी लेखी गेली पाहिजे.

आता एसटी. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. मुलग्यांना एक तृतीयांश भाडं भरावं लागतं, मुलींना काहीच नाही. तरी दरवर्षी एखादं घर असं निघतं की जिथे हे माहीतच नसतं आणि रोजचं भाडं परवडत नाही म्हणून मुलगी आठवड्यातून तीन दिवसच शाळेत जाते. २०२४ च्या जूनपासून महामंडळाने पास थेट शाळेत देण्याची मोहीम घेतली आहे. तुमच्या हायस्कूलने मुलींची यादी आगारात पाठवली की नाही, तेवढं पहिल्या आठवड्यात विचारा.

पास असून उपयोग काय, गाडीच नसेल तर? वाडीत वस्तीची गाडी असते ती पहाटे सुटते, आणि शाळा भरते साडेदहाला. संध्याकाळी शाळा सुटायला आणि शेवटची गाडी निघायला दहा मिनिटांचं अंतर. धावत जाऊन मिळाली तर मिळाली. या बाबतीत नवखी मंडळी थेट "नवीन गाडी सुरू करा" अशी मागणी करतात आणि ती वर्षानुवर्षं पडून राहते. त्यापेक्षा आहे त्या फेरीची वेळ वीस-पंचवीस मिनिटं पुढे-मागे करायला सांगा. त्यात महामंडळाचा खर्च वाढत नाही, त्यामुळे आगार व्यवस्थापकांनाही हो म्हणणं सोपं जातं.

अर्ज असा करा. वर हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र, त्यात शाळा भरण्या-सुटण्याची वेळ. त्याला जोडून थांब्यावार मुलींची संख्या. ग्रामसभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव. मूळ प्रत आगार व्यवस्थापकांना, एक प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घेतलेली प्रत तुमच्या फायलीत. हे सगळं मे महिन्यात झालं पाहिजे. वाटेवर तीन-चार गावं असतील तर सगळ्यांचे ठराव एकत्र न्या, वजन पडतं.

गाडी सुरू झाली तरी गणपतीच्या जादा गाड्यांच्या वेळी, शिमग्याला किंवा लग्न-सहलीसाठी भाड्याने (प्रासंगिक करारावर) गाडी गेली की फेरी रद्द होते. अशा दिवसांसाठी एक रिक्षावाला ठरवून ठेवा, ओळखीचा आणि घरच्यांना पसंत असलेला. पैशांचा प्रश्न आला तर मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे शब्द टाका. बहुतेक मंडळं जूनमध्ये वह्यावाटप करतात. वह्या मिळाव्यातच, पण आठवी ते दहावीच्या मुलींच्या अडल्यावेळच्या रिक्षेसाठी त्यातला थोडा भाग वेगळा ठेवा असं सांगितलं तर मुंबईकर नाही म्हणत नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या बहिणींचं शिक्षण याच वाटेवर थांबलेलं असतं.

दहावीचे जादा तास हीही या वाटेशीच बांधलेली गोष्ट आहे. तास शाळा सुटल्यावर घेतले की लांबच्या वाडीतल्या मुली उठून जातात, कारण गाडी जाईल. मग अभ्यासात मागे पडतात आणि "हिला रस नाही" असा शेरा मिळतो. जादा तास सकाळी किंवा मधल्या सुट्टीला जोडून घेता येतील का, असं शिक्षकांना विचारा. हा बदल फुकटात होतो.

लांब राहणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून वाहतूक भत्ताही मिळतो, ठरलेल्या अंतरापलीकडे शाळा असेल तर. त्याचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत जातो. पहिली ते पाचवीला १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटर हे अंतर लक्षात ठेवा.

मार्च महिन्यातलं शौचालय

ऑगस्टमध्ये कोकणातल्या कोणत्याही शाळेचं शौचालय बघितलं तर पाणी असतं. मार्चमध्ये जाऊन बघा. विहीर तळाला गेलेली, नळाला दिवसाआड पाणी, छपरावरची टाकी कोरडी. मुली घरून निघाल्यावर पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायची वेळ येणार नाही. पाळीच्या दिवसांत त्या शाळेत येत नाहीत, आणि हे हजेरीपटावर "तब्येत बरी नव्हती" म्हणून नोंदलं जातं.

बघायला जाल तेव्हा एखाद्या बाईमाणसानेच आत जावं आणि दार लावून बघावं. कडी आतून लागते का? लाकूड फुगून दार अर्धवट राहतं का? खिडकीची काच फुटून बाहेरून दिसतं का? बादली-मग आहे का, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि तो डबा कोण रिकामा करतं? दुरुस्तीला फार पैसे लागत नाहीत. ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो; पंधराव्या आयोगात तो ६० टक्के होता. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हे काम गावाच्या विकास आराखड्यात लिहून घ्यावं लागतं. त्यासाठी ग्रामसभेच्या आधी होणारी महिला सभा ही योग्य जागा. तिथे हा विषय मोकळेपणाने बोलता येतो, आणि ठराव ग्रामसभेपुढे येतो.

घरी बोलताना

सातवीच्या मुलींच्या घरी एप्रिलमध्ये जा, परीक्षा संपायच्या आत. आंबा-काजूच्या हंगामात दिवसा कोणी भेटत नाही, आणि बंदरावरच्या बायका पहाटेच लिलावाला गेलेल्या असतात. कोणत्या घरी कधी जायचं ते आधी विचारून घ्या. एकट्याने जाऊ नका, एखादी शेजारीण किंवा शाळेतल्या बाई बरोबर असाव्यात.

निर्णय कोण घेतं ते ओळखा. आई गप्प बसलेली असते, मुलीचा बाप मुंबईत असतो आणि घरात शब्द चालतो तो आजीचा. राजापूरच्या खाली गेलात की आजी सरळ विचारते, "चेडवाक इतक्या लांब कशाक धाडूचा?" (मुलीला इतक्या लांब कशाला पाठवायचं?) अशा वेळी शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नका, ते तिला माहीत असतं. उलट विचारा, "आजी, काळजी कशाची वाटते, वाटेची की पैशाची?" उत्तर जवळजवळ नेहमी ठोस असतं. वाटेत सोबत नाही. धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. म्हैस आहे. दाखल्यावर नाव चुकलंय. ज्या अडचणीला नाव मिळालं, तिच्यावर काहीतरी करता येतं. त्याच वाडीतून हायस्कूलला जाणाऱ्या मोठ्या मुलीशी गाठ घालून दिली तरी निम्मी काळजी मिटते. मग बापाला फोन लावा, आजीच्या समोरच, आणि बोलणं आजीलाच करू द्या.

मुलीला स्वतःला काय वाटतं हेही विचारा, पण सगळ्यांसमोर नको. घरच्यांपुढे ती "नाय जायचं मला" म्हणते आणि विहिरीवर गेल्यावर वेगळं सांगते.

लावणीच्या दिवसांत आठ-दहा दिवस मुली घरी राहणार, हे धरून चला. त्यावरून घरच्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. लावणी आटोपल्यावर त्या परत आल्या का, एवढं बघा. ज्या मुली शाळेतून गळतात त्यांतल्या बऱ्याच अशाच एखाद्या सुट्टीवरून परत न आलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात घरी गेलात तर येतात, दोन महिन्यांनी गेलात तर लाजेने येत नाहीत.

शाळेत बसते, पण शिकते का?

हा भाग सर्वांत अवघड आहे आणि तो टाळला तर बाकी सगळं व्यर्थ. वरच्या वर्गात ढकलली गेलेली मुलगी आठवीत गेल्यावर इंग्रजी आणि गणितापुढे गप्प होते, आणि ते गप्प राहणंच पुढे शाळा सोडायचं कारण ठरतं.

तपासायला मोठी परीक्षा नको. दुसरीच्या बालभारतीतला एक उतारा वाचायला द्या, हातच्याची एक वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं एक उदाहरण. एकेकीला वेगळं बसवा, चुकली तर हसू नका, गुण सांगू नका. सहावी-सातवीतल्या किती मुली भागाकारापाशी अडतात ते बघून तुम्हाला धक्का बसेल. आता कोणाला काय शिकवायचं ते तरी कळलं.

त्यासाठी संध्याकाळी समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात दीड तासाची अभ्यासिका चालवा. इयत्तेप्रमाणे गट करू नका, येतं काय त्याप्रमाणे करा. शिकवायला गावातलीच बारावी झालेली किंवा कॉलेजात जाणारी मुलगी ठेवा, आणि तिला मानधन द्याच. फुकटची सेवा दिवाळीपर्यंत टिकते. ती मुलगी दर महिन्याला एकदा हायस्कूलच्या गणिताच्या शिक्षकांना भेटून पुढे काय येणार ते विचारून घेईल, असं ठरवा. घरातला एकमेव मोबाईल भावाच्या हातात असतो, म्हणून मोबाईलवरचा अभ्यास अभ्यासिकेतच करून घेतलेला बरा.

वर्गात बसायची संधी मिळाली तर एक गोष्ट नीट बघा. फळ्यापुढे कोणाला बोलावतात, प्रयोगाच्या वेळी उपकरण कोणाच्या हातात असतं, आणि पाहुणे आले की चहा आणायला कोणाला उठवतात? शिक्षकांना हे बहुधा जाणवलेलं नसतं. खाजगीत, सौम्यपणे सांगितलं तर पुढच्या आठवड्यात फरक दिसतो.

आठवीतल्या मुलींना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), आणि शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. म्हणजे तयारी सातवीतच सुरू झाली पाहिजे. अभ्यासिकेत आठवड्यातून दोन दिवस या परीक्षेला द्या. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव केला की मुलींचा गणितातला भित्रेपणाही जातो.

कागदपत्रं आणि योजना

आधी एक गैरसमज दूर करा. "लेक लाडकी" योजनेतून एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात ते १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलींना. आज सातवीत असलेल्या मुलीला ती लागू नाही. घरोघरी चुकीची आशा लावली की पुढच्या खऱ्या योजनेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

सातवीतल्या मुलींसाठी उपयोगाची आहे ती सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. मागास प्रवर्गातल्या पाचवी ते दहावीच्या मुलींना ती शाळेमार्फत मिळते. त्यासाठी आधारशी जोडलेलं बँक खातं चालू स्थितीत हवं. बाकी योजना बदलत राहतात, दरवर्षी जूनमध्ये हायस्कूलच्या कार्यालयात विचारून घ्या.

कागदांत दोनच गोष्टींकडे लवकर लक्ष द्या. एक, जनरल रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का? शाळा सोडण्याआधी दुरुस्ती होऊ शकते, दहावीच्या गुणपत्रिकेवर चूक गेली की वर्षं जातात. दुसरं, जातीचा दाखला. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांची शाळेतली नोंद. आपल्याकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा शंभरी पार केलेल्या आहेत आणि जुनी रजिस्टरं कपाटात आहेत. ओल आणि वाळवीने ती जायच्या आत उतारे काढून घ्या. नववीत हे काम झालं की बारावीनंतर मुंबई-गाव अशा खेपा माराव्या लागत नाहीत.

धोका दिसला तर

लग्नाचं वय १८ आहे. मराठवाड्याइतका बालविवाहाचा प्रश्न कोकणात नाही, पण काही वस्त्यांवर तो आहे, आणि पोटापाण्याच्या अडचणीतून आलेला आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांना कळवा किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव उघड होत नाही. वाटेत, गाडीत किंवा शाळेत मुलीला कोणी त्रास देत असेल तर गावकीत बसून मिटवायच्या फंदात पडू नका. मिटवणं म्हणजे तिची शाळा बंद होणं, हे दर वेळी दिसतं. शाळेत सखी सावित्री समिती असली पाहिजे असा मार्च २०२२ चा शासननिर्णय आहे. तिच्या सदस्या कोण आहेत ते मुलींना तोंडपाठ असू दे. तक्रार गंभीर असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांत जायचं. त्या दिवशी मुलीबरोबर तुम्ही स्वतः जा.

दहावीनंतर

दहावी झाली की नव्याने गळती सुरू होते, या वेळी जास्त शांतपणे. जवळ कला शाखा आहे म्हणून मुलगी कलेला जाते, विज्ञान तालुक्याला असतं. कला शाखेत वाईट काही नाही, पण तिने निवडलेली असावी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना बसची वेळ डोळ्यांसमोर ठेवा. लांबचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि तेच मिळालं, की घरचे पाठवत नाहीत. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात आणि आपल्याकडे त्या भरायला मुली कमी पडतात. इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेली मुलगी गावात राहूनही कमवू शकते, हे पालकांना एकदा तालुक्याच्या आयटीआयमध्ये नेऊन दाखवा.

तालुक्याला राहायचं तर समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहं आहेत. अर्ज निकाल लागताच करायचा. आई आणि मुलगी दोघींना आधी वसतिगृह दाखवून आणा, गृहपालबाईंशी बोलणं करून द्या. खाट, न्हाणीघर आणि फाटक किती वाजता बंद होतं हे आईने स्वतः बघितलं की ती रात्री झोपू शकते. पुढे व्यावसायिक पदवीला जाणाऱ्या, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. हे नववीतच सांगा. बारावीला सांगून उपयोग नसतो, तोवर "खर्च झेपणार नाही" म्हणून विज्ञान सोडलेलं असतं.

आणि ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्या? त्यांची वेगळी यादी करा, लग्न होऊन गावात आलेल्या सुनाही त्यात धरा. किमान पाचवी उत्तीर्ण आणि १४ वर्षं पूर्ण असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला खाजगी बसता येतं. हे अर्ज पावसाळ्यातच निघतात आणि ठरलेल्या संपर्क शाळेमार्फत भरायचे असतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत घेऊन प्रतिज्ञापत्र करावं लागतं, म्हणून जुलैतच मुख्याध्यापकांना भेटून ठेवा, आणि अभ्यासिकेत या बायकांना दुपारची वेळ द्या, कारण संध्याकाळी चुलीपासून त्यांना हलता येत नाही.